काखेतली पोरे आणि वर्गाची शिस्त

संपादकांनी विषय दिला आहे : नव्या शिक्षिकांनी वर्ग कसा सांभाळावा याचे मार्गदर्शन. खाली "शक्य तर दहा सूत्रांत" अशी पुस्ती जोडली आहे. संपादकांनी स्वतः कधी वर्ग घेतलेला नाही, हे त्या दहावरून कळते. बिगरीच्या वर्गात तिसरे सूत्र सांगून होईपर्यंत दोघी पाणी प्यायला गेलेल्या असतात आणि तिसरी पाटीवर थुंकून ती शेजारणीच्या परकराने पुसत असते. म्हणून सूत्रे देत नाही. एका वर्गाची हकीकत देते. तिच्यातून ज्यांना मार्गदर्शन घ्यायचे त्यांनी घ्यावे. न घेतल्यास वर्ग ते देतोच.

लढाईच्या मधल्या वर्षांत मी उंब्रजच्या अलीकडच्या एका गावात मुलींच्या शाळेची हेडबाई होते. मुलांच्या शाळेला बोर्डाने कौलारू इमारत दिली होती. मुलींच्या शाळेला भैरोबाच्या देवळाच्या ओवऱ्या होत्या. देव मधे आणि आम्ही कडेला. इयत्ता चार, शिक्षिका दोन आणि फळा एक, तोही पावसाळ्यात फुगून मधोमध फाकलेला. त्यामुळे भागाकार शिकवताना भाज्य एका फळीवर आणि भाजक दुसरीवर येई.

शहरातल्या वाचकांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. त्या बाजूला मुलगी सहा-सात वर्षांची झाली की ती पोर सांभाळण्याच्या कामाची होते. बाप पलटणीत गेलेला, आई दिवस उगवायला तण काढायला, भांगलणीला, जाते, आजी उसाला पाणी पाजते. मग तान्हे राहते कोणाकडे, तर थोरल्या बहिणीच्या काखेत. शाळेला मुलगी हवी असेल तर तिच्या काखेतल्यासकट घ्यावी लागते. पटावर चाळीस नावे आणि ओवरीत साठ जीव, असा आमचा हिशेब असे. मी पलीकडच्या ओवरीत पोती अंथरून पोरे तिथे ठेवी आणि चार-चार मुली पाळीपाळीने राखणीला बसवी. पाळी संपली की त्या धड्याला आणि दुसऱ्या चौघी राखणीला. ही व्यवस्था वर्गशासनाच्या कोणत्याही पुस्तकात नाही, कारण ती पुस्तके लिहिणाऱ्यांच्या काखेत पोर नसते.

अशा शाळेत बोर्डाने मला कुसुम पाठवली.

कुसुम सांगलीची. आईबाप लहानपणीच गेलेले, वाढली काकाकडे. फायनल होऊन पुण्याला ट्रेनिंग केलेले, आणि तिथे वर्गशासन या विषयात पहिली आलेली. नेमणूक वर्षभराच्या बोलीवर होती. वर्षअखेर तपासणीला डेप्युटी येणार, गावच्या भाषेत दिपोटी, आणि त्यांचा शेरा चांगला पडला तर ती कायम, नाही तर घरी. घरी काय वाढून ठेवले होते तेही तिने आल्या-आल्या सांगून टाकले. काकांनी एक बिजवर बघून ठेवला होता. सराफीचे दुकान, तीन मुले, चाळिशी उलटलेली. काकांचा शब्द असा होता, की कायम झालीस तर तुझा रस्ता मोकळा, नाही झालीस तर उन्हाळ्यात बोहल्यावर उभी राहा.

मला तिची दया आली, असे मी म्हणणार नाही. ती गेली असती तर चारही इयत्ता माझ्या एकटीच्या गळ्यात पडल्या असत्या. तेव्हा ती कायम होणे ही तिच्याइतकीच माझीही गरज होती.

ट्रेनिंगात तिला शिकवले होते, की वर्ग नजरेने जिंकावा. पहिल्या दिवशी ती फळ्यापाशी उभी राहिली आणि एका शब्दानेही न बोलता सगळ्यांकडे रोखून पाहू लागली. मुलींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग गोदी नावाची तिसरीतली मुलगी उठली, जवळ गेली आणि म्हणाली, "बाई, डोळ्यांत कुसळ गेलंय व्हय? वाका, फुकर मारते."

कुसुमने रागावायला तोंड उघडले, तोवर मागून दुसरी म्हणाली, "फुकरून न्हाई जायाचं. दूध घाला डोळ्यांत."

नजर संपली. पुढचे साधन वर्गनायिका. मुलींतूनच एक नेमावी, तिच्यावर जबाबदारी टाकावी, म्हणजे स्वयंशासन येते. कुसुमने चौथीतली एक गरीब स्वभावाची मुलगी नेमली. स्वयंशासन म्हणजे काय हे मुलींना माहीत नव्हते. पण हातात सत्ता आलेली बाई कशी वागते, हे प्रत्येकीने आपल्या घरी सासूच्या रूपाने पाहिले होते. दोन दिवसांत ती गरीब मुलगी खांबाला टेकून बसू लागली, बिगरीतल्या मुलींकडून पाय चेपून घेऊ लागली आणि "तुझ्या आईनं हेच शिकवलं का गं?" असे विचारू लागली. तिसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा साधी विद्यार्थिनी केले. तिला वाईट वाटले. एवढ्या लवकर कोणत्याही सासूचे राज्य जात नाही.

मग कुसुम माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, खरं कारण ती पोरं आहेत. एक रडलं की सगळी रडतात. आमच्या सांगलीच्या शाळेत टाचणी पडली तर ऐकू येई."

"सांगलीत मीही शिकवलं आहे," मी म्हटले. "टाचणी पडलेली ऐकू येते, कारण तिथल्या मुली टाचणीकडेच लक्ष देतात. तुझ्याकडे नाही."

हे माझे मत आजही कायम आहे. त्या संस्थानी शाळेत हळदीच्या पेढीवाल्यांच्या मुली माझ्यासमोर हाताची घडी घालून बसत. तोंडावर असा भक्तिभाव असे, की शिकवणाऱ्याला आपण फार चांगले शिकवतो असे वाटावे. तास संपल्यावर प्रश्न विचारला की तोच भक्तिभाव. उत्तर नाही. खेड्यातल्या मुली बडबडतात आणि मधून मधून ऐकतात. मला दुसरा प्रकार परवडतो.

कुसुमला तो परवडला नाही. तिने फर्मान काढले, की उद्यापासून शाळेत पोर आणायचे नाही. मी अडवले नाही. काही गोष्टी सांगून समजत नाहीत, आणि मुलींना एक दिवस सुट्टी मिळाल्याने बोर्ड बुडत नाही. दुसऱ्या दिवशी पोरे आली नाहीत, आणि पोरांना घेऊन मुलीही आल्या नाहीत. ओवरीत खरोखरच टाचणी पडलेली ऐकू आली असती.

दुपारी हौसाबाई आली. हिचा नवरा पलटणीत होता, दोन मुली शाळेत होत्या, आणि भांगलणीच्या बायकांची ती पुढारीण होती. हातातले खुरपे तिने पायरीवर ठेवले आणि कुसुमला नीट न्याहाळले.

"आवं बाई, लेकरू शाळंत न्हाई आणायचं म्हंता, मग ठिवू कुठं? बांधावर?"

"घरी कोणी मोठं माणूस असेल ना."

"हाय की. म्हस."

कुसुमला हसू आले. तिच्या वर्गशासनाचे पहिले यश मी त्या हसण्यात धरते, कारण हौसाबाईही हसली आणि खुरपे उचलून गेली. पोरे परत आली. कुसुमने पाळीची व्यवस्था शिकून घेतली आणि हळूहळू तिचा वर्ग चालू लागला. गोंगाट होता, पण तो गोंगाट पाढ्यांचा आहे की भांडणाचा, हे तिला पाठ वळवूनही कळू लागले. माझ्या मते ट्रेनिंग तिथे पूर्ण होते.

आता तपासणी.

त्याआधी आणखी एक खुलासा. आदल्या साली गावात देवी टोचणारा आला होता. माणूस वाईट नव्हता आणि काम तर पुण्याचेच होते, पण घरोघर हिंडण्याचा त्याला कंटाळा. आमच्या ओवरीत सगळ्या गावाची तान्ही आयती एका जागी मिळतात, हे त्याने हेरले. एके सकाळी न सांगता आला, कातडी पिशवी उघडली आणि आया रानातून धावत येईपर्यंत निम्म्या पोरांचे दंड टोचून मोकळा झाला. पोरांना ताप आला, दंड सुजले. बायका आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. उरलेल्या निम्म्यांना त्यांनी पुढे कोणालाच टोचू दिले नाही. त्यांतल्या एकीला पुढे देवी आल्या. जगली, पण डोळा गेला. त्या टोचणाऱ्याला शासन करावे असे मला आजही वाटते, आणि ते टोचण्याबद्दल नव्हे, न सांगता टोचण्याबद्दल.

तेव्हापासून गावाच्या डोक्यात एक समीकरण पक्के बसले होते : शाळेत साहेब म्हणजे सुई.

तपासणीच्या आदल्या दिवशी मला पगाराच्या कामासाठी कराडला जावे लागले. मागे कुसुमने एकटीनेच तयारी केली. तपासणीच्या दिवशी तरी ओवरीत पोर नसावे, असे तिच्या मनात आले. तिने शाळा सुटताना मुलींना सांगितले, "उद्या साहेब येणार आहेत. स्वच्छ परकर घालून या. आणि लहान भावंडांना काहीही करून उद्याचा दिवस घरी ठेवा. आईला सांगा, बाईंनी मुद्दाम सांगितलंय."

मुलींनी घरी जाऊन शब्दही न बदलता तसेच सांगितले. अशी बिनचूक उजळणी त्यांनी धड्याची कधी केली नव्हती.

सकाळच्या मोटारीने मी परतले. मोटारीतच डेप्युटी भेटले. डोक्याला टोपी, अंगात कोट आणि मांडीवर कातडी पिशवी. सडकेपासून गावापर्यंत आम्ही बरोबर चालत आलो. ते शिस्तीवर बोलत होते. वाटेत एका बांधावर दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिले, पिशवी पाहिली आणि उसात शिरल्या. मला वाटले, पदर सावरायला गेल्या असतील. पुढे गल्लीत माणूस नाही. दारांना कड्या. बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या त्या वर्षांत साहेब येणार म्हटले की गावातले बापे रानात जात, त्याची कारणे वेगळी होती आणि ती सर्वांना ठाऊक होती. पण बायकापोरेही गेलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

शाळेत रांगोळी होती, फळ्यावर सुरेख अक्षरात स्वागत होते, इस्त्रीचे पातळ नेसलेली कुसुम होती आणि गोदी होती. गोदीला धाकटे भावंड नव्हते, त्यामुळे तिला पळण्याचे कारण नव्हते.

डेप्युटींनी टोपी काढली आणि रिकाम्या ओवरीकडे पाहिले. "वर्ग फारच शांत आहे," ते म्हणाले.

मी गोदीला विचारले, "बाकीच्या कुठं आहेत गं?"

"समद्या उसात हायत्या. आया बी हायत्या."

"का?"

"टोचणारा येणार म्हनून. बाईंनीच न्हाई का सांगितलं काल, लेकरं आणू नगा म्हनून. माझी आय म्हनली, बाई लय चांगल्या, आधी खूण दिली."

"कोण टोचणारा?" डेप्युटींनी विचारले.

गोदीने त्यांच्या पिशवीकडे पाहिले आणि दोन पावले मागे सरली. "आता तुमीच की."

डेप्युटी ओवरीच्या कडेला बसले. विनोद कळण्याची त्यांच्या खात्यात सोय नव्हती. "हे पाहा," ते मला म्हणाले, "हजेरी एक. मला दिसतं तेच लिहावं लागेल. पुढच्या गावी मला दुपारी पोचायचं आहे."

कुसुम तशीच देवळामागे गेली. मधे फक्त गाडीवाट, आणि तिच्या पलीकडे ऊस, माणसाहून उंच. आम्हाला ओवरीतून सगळे दिसत होते आणि ऐकूही येत होते.

"हौसाबाई, मी आहे. बाहेर या," कुसुम बांधावर उभी राहून म्हणाली.

ऊस म्हणाला, "साहेब गेला का?"

"नाही. बसलेत."

"मग आमी बी बसतो."

"अहो, ते टोचणारे नाहीत. ते मला तपासायला आलेत."

"तुमास्नी? तुमी काय केलंय?"

"काही नाही. मला नोकरीत ठेवायचं की नाही, ते आज ठरणार आहे. मुली वर्गात नसल्या तर मला परत पाठवतील."

"कुठं?"

"सांगलीला. काका लग्न लावून देतील."

ऊस थोडा हलला. "मग त्यात वंगाळ काय?"

"बिजवर आहे. तीन मुलं आहेत."

"दुकान-बिकान हाय का?"

"आहे. सराफीचं."

"मग बरं हाय की," आणखी आतून एक म्हातारा आवाज आला. "खाऊन-पिऊन सुकी."

"गप बस गं आत्ते," हौसाबाईचा आवाज. "तुला जायाचं असंल तर जा. तिला न्हाई जायाचं." मग कुसुमला, "बाई, येतो आमी. तुमी आमच्या लेकरांचं बघितलं, आता आमी तुमचं बघतो. पर त्यानं पिशवी उघडायची न्हाई."

उसातून सगळ्या बाहेर पडल्या. आधी मुली, स्वच्छ परकरात, केसांत पाचट. मग आया, आत्या, आज्या, आणि प्रत्येकीच्या काखेत किंवा खांद्यावर एक पोर. पटावरच्या चाळीस मुलींना डेप्युटींची तपासणी, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या बायकांकडून डेप्युटींची. पोरे पलीकडच्या ओवरीत ठेवायला कोणी तयार होईना. ज्या दिवशी एकही पोर नसावे म्हणून कुसुमने धडपड केली, त्या दिवशी गावातले यच्चयावत पोर वर्गात हजर होते.

मी डेप्युटींच्या कानाशी म्हटले, "साहेब, आज पिशवी उघडता येणार नाही."

"माझा चष्मा तिच्यात आहे," ते म्हणाले.

थोडा वेळ त्यांनी चष्म्याशिवाय काढला. एका मुलीला विचारले, "आपला बादशहा कोण?"

"माझा बाप हाय त्येच्याकडं नोकरीला," ती म्हणाली. "सुट्टीच देत न्हाई."

पुढचा प्रश्न पुस्तकातून विचारायचा, म्हणून सवयीने त्यांचा हात पिशवीच्या पट्ट्याकडे गेला. पट्टा सुटल्याचा आवाज झाला मात्र, सगळा वर्ग उठला. पाट्या खाली, पोरे वर. बिगरी खांबापलीकडे पोचलीसुद्धा. मी वीस वर्षांच्या नोकरीत एवढी शिस्तबद्ध हालचाल पाहिली नव्हती. कोणी कोणाला तुडवले नाही.

कुसुम जागची हलली नाही. तिने आवाज चढवला नाही, टाळी वाजवली नाही, नजरही रोखली नाही. "चष्मा आहे," ती म्हणाली. "बसा."

आणि त्या बसल्या. मुली बसल्या, आया बसल्या, बिगरी खांबामागून परत आली. डेप्युटींनी पिशवीतून चष्म्याचे घर काढले, उघडून सगळ्यांना दाखवले. हौसाबाई पुढे आली, तिने घरात डोकावून पाहिले आणि मागे वळून सांगितले, "चष्माच हाय." मग कुसुमने वजाबाकी शिकवली. एका पायलीतून तीन शेर जोंधळा दळायला गेला तर कणगीत राहिला किती. उत्तर आधी मागच्या भिंतीकडून आले, मग मुलींकडून. मांडीवरची पोरे निम्मी झोपली होती.

तपासणी संपल्यावर डेप्युटी कुसुमला म्हणाले, "मुली पळाल्या, ते समजलं. पण एका शब्दावर परत कशा बसल्या? कोणती पद्धत ही?"

कुसुम खरे बोलणारी. हे सगळे आपल्याच फर्मानाने झाले, हे सांगायला तिने तोंड उघडले. मी म्हटले, "कुसुम, साहेबांना चहा," आणि तिला चुलीकडे पिटाळले. खरे बोलणे चांगले, पण शेरा लिहून होईपर्यंत थांबले तर बिघडत नाही.

शेरा असा पडला : वर्गावर ताबा उत्तम. पालकांचे सहकार्य असाधारण. तान्ही मुले वर्गात आणण्याची प्रथा तत्काळ बंद करावी. शेवटचे वाक्य मी दुसऱ्या दिवशी राखणीच्या ओवरीत जाऊन मोठ्याने वाचून दाखवले. संबंधितांपैकी कोणी हरकत घेतली नाही.

कुसुम कायम झाल्याचा हुकूम आला. मला वाटले, प्रश्न मिटला. पण कमावत्या मुलीला भाव असतो, हे मी विसरले होते. बिजवराला हुकूम कळला, आणि सराफाला आतापर्यंत जी मुलगी चालत होती ती आता हवीशी वाटू लागली. महिन्याच्या महिन्याला पगार येणारी बायको कोणाला नको असते. उन्हाळ्याच्या तोंडाला काका स्वतः आले, शब्द फिरवायला. भर तासाला ओवरीच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "कुसुम, चल, आवर. दुपारची मोटार धरायची आहे. तारीख काढली आहे."

मी माझ्या इयत्तेतून उठणार होते, पण उठले नाही.

कुसुमने हातातला खडू खाली ठेवला नाही. "काका, तास चालू आहे," ती म्हणाली. "त्या ओवरीत बसा. शाळा सुटल्यावर बोलू."

काकांनी आजूबाजूला पाहिले. चाळीस मुली त्यांच्याकडे पाहत होत्या. ते पलीकडच्या ओवरीत गेले आणि पोत्यावर बसले. राखणीची पाळी गोदीची होती. भावंड नसले तरी पाळी सर्वांना असे. तिने नवा माणूस पाहिला, मोकळ्या मांडीचा अंदाज घेतला आणि एक रडके पोर त्यांच्याकडे दिले. "मान धरा त्येची," तिने बजावले. "आणि हलवत ऱ्हावा. थांबलासा की रडतंय."

दुपारची मोटार सडकेवरून भोंगा वाजवत गेली. काका पोर हलवत होते. थांबून पाहिले, तर ते रडले, आणि फळ्यापासून कुसुमचा आवाज आला, "गडबड कोण करतंय तिकडे?"

काका पुन्हा हलवू लागले. शाळा सुटल्यावर आई येऊन पोर घेऊन गेली, तेव्हा ते उठले. पाय अवघडले होते. संध्याकाळच्या मोटारीने ते एकटेच सांगलीला परत गेले.